एक पाय नांगरटीत

ड्रायव्हरकाका चालताना एक पाय सरळ टाकायचे आणि दुसरा थोडा बाहेर, अंदाज घेत, खालच्या जमिनीचा भरवसा नसल्यासारखा. आळेफाट्याच्या चौकात, डांबरी रस्त्यावर, अगदी दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवरसुद्धा तसंच. नवखा माणूस विचारायचा, "पायाला काय लागलंय का, ड्रायव्हर?" ते म्हणायचे, "न्हाई, रस्ता रुंद करतोय." विचारणारा हसून पुढं जायचा. आमच्या वस्तीत मात्र त्यावर कोणी हसत नसे.

आमचं गाव जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, आंबेगावच्या हद्दीला चिकटून. गावाची स्मशानभूमी नदीवर, शेड आणि नळासकट. आमची, म्हणजे बौद्ध वस्तीची, ओढ्यापलीकडं, उघड्यावर. तिथं जायला एक पाणंद, शेताकडेची कच्ची वाट. पाणंदीच्या एका अंगाला कालव्याची खोल चारी आणि दुसऱ्या अंगाला गावच्या मोठ्या शेतकऱ्याचं, नानांचं, शेत. चारी काही सरकत नाही. शेत सरकायचं. दरसाल नांगरट झाली की नानांचा ट्रॅक्टर बांधाचं एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आत घ्यायचा. एकच. वीतभर माती. विचारलं तर नाना म्हणायचे, "ट्रॅक्टरला वळाय जागा लागती, राव. मी काय मुद्दाम करतोय व्हय?"

माझ्या लहानपणी त्या पाणंदीतून बैलगाडी जायची. पुढं गाडी जाईना, मोटरसायकल जायची. मग मोटरसायकलवाल्यानं पाय वर घ्यायचे, मग उतरून हातानं ढकलायची. मग ती घरीच ठेवून चालत जायचं. रस्ता गेला असा एकही दिवस आम्हाला दाखवता आला नसता. कुठल्या दिवशी ओरडायचं, तेच कधी कळलं नाही.

ड्रायव्हरकाकांनी त्यावर तोड काढली होती. एका पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर ते उठले आणि म्हणाले, "एक सांगतो, ऐका. जाताना-येताना एक पाय पाणंदीवर ठेवा, एक नांगरटीत. भांडू नका, बोलू नका. नुसतं चाला. पायाखालची माती घट्ट झाली की तिथं पीक येत न्हाई. पीक आलं न्हाई की ती वाट. त्यो एक तास घेतो, आपुन एक पाऊल घ्यायचं."

चार दिवस वस्ती तशी चालली. बायका हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मग कांद्याची लागवड सुरू झाली, कामाच्या घाईत लोक विसरले. काका विसरले नाहीत. रोज सकाळी ओढ्यापर्यंत एक फेरी आणि परत एक. पुढच्या नांगरटीला त्यांची वर्षभराची मेहनत ट्रॅक्टरनं एका वळणात उलथली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा तिथं होते, नव्या ढेकळांत एक पाय टाकत. पायाला तीच सवय लागली आणि ती डांबरावरही सुटली नाही.

ते मालाचा ट्रक चालवायचे. आळेफाट्यावरून कांदा भरायचा, मढवरून माळशेज घाट उतरायचा आणि मुंबईच्या बाजारात ओतायचा. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या घाटातलं. "घाट ब्रेकवर उतरला त्यो दरीत गेला. गियरवर उतरायचा. एकेक खाली." चढणीलाही तेच. "पहिल्यावरनं थेट चौथा टाकून बघ, गाडी आचके देती का न्हाई."

हे त्यांनी घरातही लावलं होतं. बिडी सोडायची ठरवली तेव्हा ते रोज बिडीचं टोक थोडं जास्त मोडायचे. आज नखाएवढं, उद्या पेराएवढं. बिड्या आखूड होत गेल्या, पण मोडलेली टोकं ते डबीत साठवायचे आणि डबी भरली की ती टोकं कागदात वळून ओढायचे. काकू म्हणायच्या, "ह्यांची बिडी सुटली, आता टोकं सोडायचीत." काकूंना सायकल शिकवायची होती. पहिलं वर्ष नुसती हातात धरून चालायची. "अंदाज येऊ दे." दुसऱ्या वर्षी एका पायडलवर एक पाय. गावातल्या पोरी मोपेडवरून शाळेत जायला लागल्या, तरी काकू सायकल हातात धरून दळणाला निघालेल्या दिसायच्या. शेवटी एक दिवस काका म्हणाले, "बस आता सीटवर." काकू म्हणाल्या, "बसले असते. पण आता गुडघं मुडपत न्हाईत."

काका स्वतःही या गोष्टीवर पोटभर हसायचे.

मी वाढले पत्रकांवर. वडील मोर्च्यांची पत्रकं छापून आणायचे, गठ्ठे माझ्या अंथरुणाशेजारी असायचे. अक्षरओळख मला त्यांच्यावरच झाली. माझ्या डोक्यात 'आजच' आणि 'तात्काळ' हे शब्द पाढ्यांच्या आधी बसले. त्यामुळं काकांचं आणि माझं कधी जुळणं शक्य नव्हतं, आणि तरीही मी रोज त्यांच्या ओसरीवर असायचे. मला बघितलं की ते काकूंना हाक मारायचे, "च्या टाक गं, क्रांती आली."

एकदा मी त्यांना म्हटलं, "काका, आजोबांच्या पिढीनं धर्म एका दिवसात बदलला. सकाळी एक होते, संध्याकाळी दुसरे. पायरीपायरीनं नाही बदलला."

"त्या एका दिवसाच्या आधी वीसेक वर्सं इचार चालला व्हता, ते पत्रकात न्हाई का लिवलं?"

"पण शेवटी एका दिवसात केलं ना?"

त्यांनी बिडीचं टोक मोडून डबीत टाकलं. मग म्हणाले, "धर्म आपल्या हातात व्हता, बाय. आपुन टाकला, आपुन घेतला. पाणंद नानाच्या हातात हाय. दुसऱ्याच्या हातातलं दमानंच काढावं लागतं."

ते मला पटलं नाही. आजही पटत नाही. पाणंद नानांच्या हातात गेली कशी, हाच तर प्रश्न होता.

नाना आणि काका एका वयाचे, शाळेत एका वर्गातले. नाना त्यांना 'तू' म्हणायचे आणि ते नानांना 'तुमी'. नानांच्या घराला अंगणातून वर जायला पायऱ्या होत्या, मग ओटा, मग पडवी, मग आतली खोली. काकांना पूर्वी चहा अंगणात मिळायचा, उभ्यानं. वेगळा कप ठेवण्याची वाईट पद्धत आता कोणी पाळत नाही, असं सगळे सांगतात. खरंच पाळत नाहीत. कागदी कप आले. पिऊन झालं की टाकून द्यायचा, कोणाच्या मनाला लागायला नको.

काकांनी त्या घराच्या पायऱ्या चढायचं मनावर घेतलं होतं. दर सणाला, दर आजारपणाला, नानांच्या म्हशीला रेडकू झालं तरी ते जायचे. परत आले की त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

"यंदा खालच्या पायरीवर बसलो."

"बस म्हणाले?"

"म्हणाले न्हाईत. पण उठ बी म्हणाले न्हाईत."

पुढं वरची पायरी आली. मग ओट्याची कड. ओट्यावर बसले त्या दिवशी त्यांनी वस्तीत साखर वाटली, कारण कोणालाही न सांगता. मी विचारलं, "पाणंदीचं बोललात का?"

"आज कसं बोलायचं गं? आज वट्यावर बसलो. बसल्या बसल्या मागणं बरं दिसतं व्हय?"

मी कॉलेज करून पुण्याहून परत आले तेव्हा पाणंद इतकी निमुळती झाली होती की आमच्या स्मशानभूमीसाठी मंजूर झालेल्या शेडचे खांब घेऊन आलेली ट्रॉली तोंडावरूनच माघारी फिरली. त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. वरती मोठ्या अक्षरात: पाणंद आमच्या हक्काची. छापण्याआधी काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं.

"लई चांगलं लिवलंय. फक्त हक्क काढ."

"मग काय लिहू?"

"यंदा विनंती लिव. पुढच्या साली मागणी. मग हक्क. एकदम हक्क म्हणलं की माणूस बिथरतो."

"काका, विनंती म्हटली की ते आपलं नाही असं कबूल होतं."

"तू कागद बघतीस. मी माणूस बघतो."

मी हक्कच छापलं. जुन्नरला तहसीलवर मोर्चा नेला. काका आले, मागं राहिले, एक पाय बाहेर टाकत चालत राहिले, पण घोषणा दिल्या नाहीत. तहसीलदारसाहेबांनी निवेदन घेतलं, फोटो काढू दिला. मोजणीचा हुकूम झाला. वस्तीत त्या रात्री हलगी वाजली.

मोजणीवाले आले तेव्हा नानांनी पाणंदीच्या कडेपर्यंत ऊस लावलेला होता. मोजणीवाला भला माणूस होता. त्यानं आम्हाला विचारलं, "रस्ता बंद कधी केला?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"बंद न्हाई केला," माझे चुलते म्हणाले. "कमी होत गेला."

"अहो, पण कधीपासून?"

कोणालाच सांगता आलं नाही. त्यानं उसाकडं हात केला. "उभ्या पिकात मोजणीची साखळी टाकता येत नाही. ऊस गेला की अर्ज करा." ऊस गेला, पण त्या वेळी मोजणीवाल्यांच्या हातात दुसऱ्या गावांची कामं होती. मोजणीवाले येईपर्यंत खोडवा डोक्याएवढा झाला होता. खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून आपोआप फुटून आलेलं दुसरं पीक. त्याला लावायचे कष्टही नसतात.

नाना आम्हाला वाईट शब्द बोलले नाहीत. फक्त त्या हंगामात कांदालागणीला वस्तीतल्या बायकांना कोणी बोलावलं नाही. नानांनीच नाही, नानांच्या आजूबाजूच्यांनीही नाही. बायका दुसऱ्या गावाला टेम्पोत उभ्या राहून गेल्या. आणि काका नानांना दिवाळीचं भेटून आले ते थेट घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले.

"अंगणात?" काकूंनी विचारलं.

त्यांनी मान डोलावली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझ्या एका कागदात माझ्या सगळ्या पायऱ्या गेल्या बघ."

मला राग आला. मी म्हटलं, "पायऱ्या चढताना तुम्ही नानांच्या घरात गेलात, काका. आपल्या लोकांना ओढ्यापर्यंत नाही नेलंत."

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना पाणंदीवर पाहिलं. उसाची पानं तोंडाला कापत होती, ते हातानं बाजूला करत चालले होते, एक पाय सरीत. उसात बिबट्या आहे म्हणून वन खात्यानं पिंजरा लावला होता. लोक तिकडं एकटं जात नसत. काका तोंडानं ट्रकचा आवाज काढत जायचे. चढणीला लागलेल्या ट्रकचा, पहिल्या गियरचा. लांबून तो आवाज ऐकला की काकू म्हणायच्या, "गेला ट्रक माळशेजला."

ते पुन्हा चढायला लागले. अंगण, पायरी, पायरी. ज्या माणसानं आपल्याला अंगणात ढकललं त्याच्याच दारात पुन्हा तळापासून सुरुवात करायला काय लागतं, ते मला आजही ठाऊक नाही. मी तेव्हा त्याला लाचारी म्हणत होते. एकदा तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "लाचार माणूस काहीतरी घेऊन येतो गं. मी कधी कायी आणलं का?"

आणि मग तो दिवस आला. नानांना दवाखान्यातून घरी आणलं होतं, काका भेटायला गेले आणि अंधार पडायच्या आत अक्षरशः धावत परत आले. तेही एक पाय बाहेर टाकत.

"आत बसलो! खुर्चीवर. कपात च्या. चिनीमातीच्या. बशीसकट."

काकूंनी डोळ्याला पदर लावला. मला काय वाटत होतं ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "बोलनार हाय. पण आज पहिल्यांदा आत गेलो. जरा सवय होऊ दे. त्याला बी, मला बी."

त्याच महिन्यात नानांच्या पोरानं पाणंदीच्या कडेचा उरलेला बांध काढून तिथं दोन सऱ्या जास्तीच्या पाडल्या. आता एका वेळी एक माणूस जाऊ शकत होता, तोही खांदे आखडून. आमच्या वस्तीतला एकमेव माणूस नानांच्या आतल्या खोलीत पोहोचला, आणि आमच्या रस्त्याची उरलीसुरली रुंदी त्याच महिन्यात संपली. दोन्ही गोष्टी सारख्याच बेतानं झाल्या. एक पायरी वर, एक तास आत. फरक एवढाच की नानांकडं ट्रॅक्टर होता.

पुढच्या उन्हाळ्यात काकांचं दुखणं वाढलं. छातीचं होतं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. ओसरीवर खाट टाकली होती. मी पायाशी बसले होते. त्यांनी विचारलं, "पाणंद किती राहिली गं?"

"एक माणूस जाईल एवढी."

ते हसले. "मग मला कसं न्यायचा? मी तर चौघांवर जानार."

 त्यांचं हसू हळूहळू ओसरत गेलं. खाटेच्या कडेवर हात टेकून त्यांनी हवेतच दोन्ही हातांनी अंतर धरलं, तिरडीच्या रुंदीचं, आणि त्याकडं बघत राहिले. ट्रकमध्ये माल बसेल का नाही ते बघतात तसे.

"बसत न्हाई," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "अजून एक साल मिळाया पाहिजे व्हतं. नाना ऐकायच्या बेतात आलता."

ते गेले त्या दिवशी ऊस पुरता वाढलेला होता, तोडीला आलेला. सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत जमली. त्रिशरण पंचशील झालं. तिरडी उचलली आणि पाणंदीच्या तोंडाशी येऊन थांबली. उसाच्या अंगाच्या दोघांना आत शिरता येईना, चारीच्या कडेचे दोघं पाय घसरून खाली जायला लागले. कोणीतरी म्हणालं, एकानं पुढं, एकानं मागं, असं झोळीसारखं नेऊ. कोणीतरी रडायला लागलं. माझ्या डोक्यात आग होती. मी म्हटलं, "वळवा. तहसीलला घेऊन चला. त्यांच्या दारात ठेवू. आज रस्ता मिळेल, नाहीतर कधीच मिळणार नाही." चार-सहा तरुण पोरं वळलीसुद्धा.

काकू पुढं आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "नगं, बाई. लई ताटकळलेत त्ये जल्मभर. आज तरी नगं."

मी वळलेल्या पोरांना थांबवलं. बोलायचा हक्क काकूंचा होता.

तेवढ्यात नाना आले. नातवाच्या खांद्यावर हात टाकून, हातात हार. काकांच्या चेहऱ्याकडं ते बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं, हे मला लिहिलं पाहिजे. मग त्यांनी पाणंदीकडं बघितलं, उसाकडं बघितलं, पोराला हाक मारली.

"कोयतं आणा रं. कडंच्या दोन सरी तोडा. ड्रायव्हर चालला माझा. आजच्या दिस वाट मोकळी करा."

त्यांची माणसं धावली. ऊस सपासप पडला. बघता बघता ओढ्यापर्यंत वाट झाली, चार माणसं जातील एवढी. माझे चुलते, जे मोर्च्यात सगळ्यात पुढं होते, त्यांनी नानांपुढं हात जोडले. "नाना, लई उपकार झालं." मागून बायका म्हणत होत्या, उभं पीक तोडलं, मोठ्या मनाचा माणूस. नाना म्हणाले, "असू द्या, असू द्या. न्हाई म्हणलो का मी कधी?"

खरंच, ते कधीच नाही म्हणाले नव्हते.

मागच्या बाजूला, उसाच्या अंगाला, खांदा मी दिला. काकूंनीच सांगितलं होतं. माझा एक पाय पाणंदीवर पडत होता आणि दुसरा तोडलेल्या बुडख्यांत. बुडखे टोकदार होते, चपलेतून लागत होते. संपूर्ण वस्ती त्या दिवशी तशी चालली, जसं काकांनी विहारात उभं राहून सांगितलं होतं. फक्त परवानगी घेऊन.

काकांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी नव्या पत्रकाचा मजकूर चुलत्यांना दाखवला. मोजणीचा अर्ज पुन्हा करू, आता कड मोकळी आहे, साखळी टाकता येईल. त्यांनी कागद वाचलाच नाही. घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"आता कसलं पत्रक काढतीस? परवाच माणसानं आपल्यासाठी ऊस तोडला. लोक काय म्हणतील?" मग, माझी समजूत काढल्यासारखं, खालच्या आवाजात, "दमानं घे जरा. लागलं कधी, तर नाना पुन्यांदा तोडून देतील की."

विहारात बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या पोरांनी माझ्याबरोबर तिरडी वळवली होती, त्यांनीही.

मोजणीवाल्यानं विचारलं होतं, रस्ता गेला कधी. तेव्हा आमच्याकडं उत्तर नव्हतं. आता मी दिवस सांगू शकते. ज्या दिवशी तो चार माणसांएवढा रुंद झाला, त्या दिवशी गेला.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच पाणंदीवर गेले. नानांच्या पोरानं कडेच्या दोन सऱ्यांना पाणी सोडलं होतं. माती काळी आणि मऊ झाली होती. प्रत्येक बुडख्याला कोंब फुटले होते, बोटाएवढे, हिरवेगार. मी एक पाय वाटेवर ठेवला, एक त्यांच्यावर, आणि ओढ्यापर्यंत तशीच चालत गेले. परत येताना बघितलं तर वाकलेले कोंब एकेक करून सरळ होत होते.